‘कुणाची गं तू?’

लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले त्याला महिनाही झाला नव्हता. गिरणीत दळणाचा डबा लावून उभी होते. बाकड्यावर बसलेल्या एका आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘कुणाची गं तू?’’ मी माझं नाव सांगितलं. ‘‘नाव नव्हं बाई, कुणाची ते इचारलं.’’ मग म्हटलं, गडहिंग्लजची. ‘‘ते म्हायेर झालं. हितं कुणाची?’’ शेवटी गिरणीवाल्यानंच हातावरचं पीठ झटकत उत्तर दिलं, ‘‘आक्का, तालमीमागच्या वाड्यातली धाकटी सून ती.’’ आजींचा चेहरा सैलावला. ‘‘मग असं सांग की!’’ त्या सरकल्या, मला बाकड्यावर जागा दिली, आणि सासूबाईंच्या गुडघ्यापासून दिराच्या नोकरीपर्यंत सगळी चौकशी करून झाली तेव्हा कुठं माझं दळण आलं.

तेव्हा मला राग आला होता. एम. ए. झालेली मी, स्वतःचं नाव असलेली, आणि हिला हवंय काय, तर मी कुणाची सून! आता वीसेक वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवल्यावर वाटतं, आजींनी विचारलेला प्रश्न आमच्या अभ्यासक्रमातल्या एका अख्ख्या प्रकरणाचा होता. ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर आपण एकट्यानं देतोच कुठं? सरळ विचारून बघा. वर्गात मी पोरांना कागद देते आणि सांगते, ‘मी...’ने सुरू होणारी दहा वाक्यं लिहा. ‘मी उंच आहे’, ‘मला पाऊस आवडतो’ अशी चार-पाच येतात. बाकीची? मी कोल्हापूरचा. मी कॉमर्सचा. मी पाटील. मी अमक्या तालमीचा. शेवटाला आलेला तो ‘चा’ म्हणजेच गट. आपल्या भाषेनं हे फार आधी ओळखलंय, नावापुढं प्रत्यय लावून ठेवलाय.

अभ्यासक या दोन भागांना व्यक्तिगत ओळख आणि सामाजिक ओळख म्हणतात. पहिलीत मी इतरांपेक्षा वेगळी कशी ते येतं, दुसरीत मी कुणासारखी आणि कुणाची ते. गंमत अशी की पहिली वाटते तितकी ‘स्वतःची’ नसते. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली आरशाची उपमा दिली. लोक आपल्याकडे कसं बघत असतील याचा आपण अंदाज बांधतो, त्यावर ते काय मत बनवत असतील याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजांतून स्वतःबद्दल अभिमान किंवा लाज वाटून घेतो. म्हणजे आरसा भिंतीवर नसतो, समोरच्याच्या डोळ्यांत असतो. आमच्या गल्लीत एका पोराला लहानपणी सगळे ‘गुरुजी’ म्हणायचे, कारण तो चौथीत असताना दुसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावायचा. आज तो खरंच शिकवण्या घेतो. त्याच्या शेजारच्याला ‘फुटका’ म्हणायचे. का, ते कुणालाच आठवत नाही. त्यानं काय काय सोसलं असेल ते तोच जाणे, पण पेठ सोडून तो इचलकरंजीला राहायला गेला तेव्हा त्याच्या आईनं सांगितलं होतं, ‘‘तिथं त्येला नावानं हाक मारत्यात.’’

सात-एक की एकोणीस-पंचवीस?

गट बनायला काय लागतं? रक्त, भाषा, देव, निदान एखादं जुनं भांडण तरी लागत असेल असं वाटतं. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञालाही हाच प्रश्न छळत होता, आणि त्याच्याकडे तसं कारण होतं. १९१९ साली पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात त्याचा जन्म. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. तो पोलंडचा ज्यू आहे हे जर्मनांना कळलं असतं तर जिवंत राहिला नसता. फ्रेंच सैनिक ही एक ओळख पांघरून तो वाचला. युद्धानंतर परतला तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. माणूस कोणत्या गटात मोजला जातो यावर जीव कसा अवलंबून असतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात असताना त्यानं सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी पोरं घेतली. त्यांना चित्रं दाखवली, काही पॉल क्ले याची, काही वासिली कँडिन्स्की याची. कोणतं आवडलं विचारलं. मग एकेकाला खासगीत सांगितलं, तू क्ले गटातला, किंवा तू कँडिन्स्की गटातला. खरं तर वाटणी आवडीनुसार केलीच नव्हती, कुणाला कुठंही टाकलं होतं. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. बोलणं नाही, भांडण नाही, पुढं भेटायचंही नाही. फक्त एक काम करायचं होतं. दोन अनोळखी पोरांना गुण वाटून द्यायचे, त्या गुणांचे नंतर पैसे मिळणार. स्वतःला काही घेता येत नव्हतं.

गुण वाटायला तक्ते दिले होते. एका तक्त्यात असं होतं: एका टोकाला आपल्या गटातल्याला ७ आणि दुसऱ्या गटातल्याला १. दुसऱ्या टोकाला आपल्यातल्याला १९ आणि त्यांच्यातल्याला २५. मधोमध दोघांना १३-१३. आता व्यवहार बघितला तर १९ द्यावेत, आपल्या माणसाचं भलं त्यातच आहे. पण पोरांचा कल ७-१च्या बाजूला झुकत होता. आपल्याला कमी मिळाले तरी चालतील, त्यांच्यापेक्षा जास्त हवेत! सरसकट सगळेच तसे वागले असं नाही, समान वाटण्याकडेही ओढ दिसली. पण ताजफेलला मुळात अपेक्षा होती की इतक्या पोकळ गटात पक्षपात दिसणारच नाही, आणि मग हळूहळू एकेक कारण वाढवत बघायचं की तो कुठं सुरू होतो. तो पहिल्याच पायरीवर सुरू झाला.

हा प्रयोग वर्गात सांगितला की पोरं हसतात, परदेशातली शाळकरी पोरं म्हणून सोडून देतात. मग मी विचारते, फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तुमच्या गल्लीत झेंडा कुणाचा? कुणी ब्राझील, कुणी अर्जेंटिना. कटआउट लागतात, भिंती रंगतात, सख्खे भाऊ एका घरात दोन देशांचे होतात. ब्राझीलला गेलेला माणूस आख्ख्या पेठेत शोधून सापडणार नाही. पण पलीकडच्या गल्लीनं निळा-पांढरा लावलाय एवढं कारण पिवळ्याला पुरतं. क्ले आणि कँडिन्स्की आणखी वेगळे काय असतात?

ताजफेल आणि त्याचा विद्यार्थी जॉन टर्नर यांनी यातून जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा सांगायला सोपा आहे. आपण आधी जगाचे खण पाडतो, हे आपले, ते दुसरे. मग त्यातल्या एका खणात स्वतःला ठेवतो. आणि मग तुलना करतो. तुलना का, तर गटाची इज्जत ती आपली इज्जत होऊन बसलेली असते. गट वर गेला की मी वर जाते, फुकटात. द्वेष हा त्यात मुद्दाम घातलेला मसाला नाही. स्वतःबद्दल बरं वाटून घ्यायची ती एक स्वस्त सोय आहे, आणि म्हणूनच ती इतकी चिवट आहे.

आम्ही जिंकलो, ते हरले

आमच्या घरातली गोष्ट सांगते. नवरा फुटबॉल खेळत नाही, कधी खेळला असेल तर लग्नाआधी. पण पाटाकडील आणि प्रॅक्टिस या कोल्हापूरच्या दोन फुटबॉल संघांचा सामना असला की त्या दिवशी दुकान लवकर बंद. तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीचा आखाडा. आता कोल्हापुरात तिच्यात गणपती बसतो, रक्तदान शिबिर होतं, कट्ट्यावर राजकारण होतं आणि तिचा फुटबॉल संघ असतो. शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा उतरतात. (बायकांनी त्या कट्ट्यावर बसायची पद्धत अजून पडलेली नाही, हे जाता जाता. तालीम ‘सगळ्या पेठेची’ असते असं जे म्हणतात ते म्हणणारे बहुतेक पुरुषच असतात.)

नवऱ्याचं बोलणं मी कान देऊन ऐकते, धंदाच तो माझा. संघ जिंकला की, ‘‘दोन मारले आम्ही, दोन! पहिल्या हाफलाच मोडला त्यांना.’’ हरला की, ‘‘ह्या पोरांना पास देता येत नाही. काय खेळत होते काय की.’’ जिंकलेले ‘आम्ही’, हरलेली ‘ही पोरं’. संघ तोच, संध्याकाळ तीच.

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९७६ साली हेच मोजून दाखवलं. त्यांनी सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गात बसून नोंद केली, की किती विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे, चिन्हाचे कपडे घालून आलेत. आधीच्या शनिवार-रविवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल तर असे कपडे वाढायचे. (तो त्यांचा फुटबॉल, हातात धरून पळायचा. आपल्याकडं त्याला कुणी फुटबॉल म्हणणार नाही.) मग फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्यात ‘आपण’ जास्त यायचं, हरलेल्यात ‘ते’. दुसऱ्याच्या उजेडात ऊन खात बसण्याचा हा प्रकार. नवऱ्याला हे मी एकदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘त्यात शोधायचं काय? तालीम जिंकली तर आम्हीच जिंकणार की.’’

तो जे म्हणाला त्यात खोट नाही. तालमीच्या एका गोलानं त्याच्या आयुष्यात काही बदलत नाही. दुकानाचं भाडं तेवढंच, रक्तदाब तेवढाच. पण सामन्यानंतरच्या रात्री तो पायऱ्या चढताना शीळ वाजवतो.

‘मी आलो’ आणि ‘मी आले’

आता थोडं बारीक. एका माणसाला एकच गट असता तर सगळं सोपं होतं. पण आपल्याला डझनभर असतात आणि एका वेळी सगळे जागे नसतात. कोणता जागा होईल हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. टर्नरनं १९८७ मध्ये या बाजूवर जास्त काम मांडलं. पेठेत मी वाड्यातली, कोल्हापुरात मंगळवार पेठेतली, पुण्यात कोल्हापूरची, दिल्लीत मराठी. माणूस तोच, पण प्रत्येक पायरीवर ‘आपले’ म्हणजे कोण ते वेगळं. काल ज्याच्याशी पार्किंगवरून भांडले तोच बेळगावच्या स्टँडवर भेटला तर ‘अहो, तुम्ही आमच्याकडचे की!’

याचा सगळ्यात सुरेख पुरावा आमच्या बोलण्यात आहे. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी करतो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरच्याला ते पुरुषी वाटतं, आम्हाला त्यात काही वाटत नाही. मी हा लेख ‘मी आले’ असं लिहिते आहे, कारण लिहिताना शाळा आठवते. पण लिहिता लिहिता सासूबाईंनी हाक मारली तर माझ्या तोंडून ‘आलो, आलो’च निघणार. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली. पहिल्या आठवड्यात होस्टेलवर ती म्हणाली, ‘‘मी जेवून आलो,’’ आणि खोलीतल्या तिघी खदखदून हसल्या. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण महिन्याभरात तिचं क्रियापद बदललं. दिवाळीला घरी आली आणि स्वयंपाकघरात म्हणाली, ‘‘आजी, मी भांडी घासून ठेवते.’’ आजी वळून म्हणाल्या, ‘‘लई पुणेरी झाली गं ही!’’ तिथं हसले, इथंही हसले. पोरीनं काय करावं? तिनं दोन्ही ठेवली, दोन चपलांसारखी. बाहेरची बाहेर, घरातली घरात.

यात तिचा खोटेपणा नाही, हे मला पालकांना आवर्जून सांगावंसं वाटतं. ‘पोरगं घरी एक आणि मित्रांत एक’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. गट बदलला की चाल, शब्द, हसणं बदलणं ही माणसाची साधी रीत आहे. घोर तेव्हा लागावा, जेव्हा एका ठिकाणची ओळख दुसऱ्या ठिकाणी लपवायला लागते आणि ती लपवताना पोटात गोळा येतो.

आणखी एक ताण इथंच आहे. माणसाला मिसळायचंही असतं आणि उठूनही दिसायचं असतं. मेरिलिन ब्रूअर या मानसशास्त्रज्ञ बाईनं १९९१ साली मांडलं, की आपल्याला असे गट आवडतात जे या दोन्ही गरजा एकदम भागवतात. गट फार मोठा झाला तर त्यात हरवल्यासारखं होतं, फार छोटा झाला तर एकटं पडल्यासारखं. ‘माणूस’ या गटाचा कुणी टी-शर्ट छापत नाही. तालमीचा छापतात, आणि त्यावर पाठीमागं स्वतःचं टोपणनावही घालून घेतात. पुढून सगळ्यांसारखा, मागून एकटा!

पन्हाळ्याची पिठलं-भाकरी

आपलेपणा ही हौस नाही, भूक आहे. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असाच दावा केला, की जवळच्या, टिकाऊ नात्यांची गरज अन्नासारखीच मूलभूत आहे. हे मला कधी नीट पटलं, तर भिशीमुळं.

आमची बारा जणींची भिशी. महिन्याला दोन-दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला सगळे, शिवाय ज्या घरी भिशी तिथं पोहे नाहीतर भेळ. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता. सोडायचा विचार चालला होता. एका दिवशी किराणा दुकानात भिशीतल्या एकीनं मोबाइलवर काही दाखवायला म्हणून फोटो उघडला, आणि बोट सरकून पुढचा फोटो आला: पन्हाळ्यावर अकरा जणी पिठलं-भाकरी खातायत. अकरा. तिनं गडबडीनं मोबाइल फिरवला. ‘‘अगं, तुझी परीक्षेची ड्युटी होती ना, म्हणून...’’ परीक्षेची ड्युटी खरी होती. पण व्हॉट्सॲपवर या सहलीसाठी वेगळा ग्रुप निघाला होता, त्यात मी नव्हते. घरी आले, साखर आणायची विसरले होते. ज्या भिशीला मीच सोडणार होते, तिनं मला एका दुपारपुरतं सोडलं तर माझा घास दोन दिवस घशाखाली उतरेना.

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचं काम मी तेव्हा नव्यानं वाचलं. तो एकदा बागेत बसला होता. दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती घरंगळत याच्याकडे आली. यानं परत फेकली, त्यांनी याला खेळात घेतलं, थोड्या वेळानं काही न बोलता फेकणं बंद केलं. एवढंच. ओळख ना पाळख, तरी त्याला लागलं. मग त्यानं तोच खेळ कॉम्प्युटरवर आणला. पडद्यावर तिघं चेंडू फेकतात, बाकीचे दोघं हळूहळू तुम्हाला द्यायचं बंद करतात. तेवढ्या काही मिनिटांत लोकांचा आपलेपणा, स्वतःबद्दलचा आदर, आपल्या हातात काही आहे ही भावना आणि आपल्या असण्याला अर्थ आहे ही भावना, चारही खाली येतात. समोर माणसं नाहीत, मशीन आहे असं सांगितलं तरी येतात. २००७ सालच्या एका प्रयोगात तर लोकांना सांगितलं की चेंडू न देणारे कू क्लक्स क्लॅनचे सदस्य आहेत, म्हणजे वर्णद्वेषी, ज्यांच्या अंगणात आपण पाऊल ठेवणार नाही असे. तरीही लागलंच!

वगळलं जाण्याची कळ आधी येते, ‘हे लोक माझ्या लेखी कोण?’ हा विचार मागून. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलेल्या माणसाला ‘सोड ना, काय एवढं’ म्हणून उपयोग नसतो. कळ येऊन गेलेली असते.

मी भिशी सोडली नाही, हेही सांगून टाकते.

दोरी तीच

‘आपले-दुसरे’ हे एवढ्या सहज होत असेल तर मिटतं कसं? यावरचा प्रसिद्ध प्रयोग मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा, तो मूळचा तुर्कस्तानचा. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या रॉबर्स केव्ह इथं त्यानं अकरा-बारा वर्षांच्या २२ पोरांचं उन्हाळी शिबिर भरवलं. दोन गट, एकाचं नाव ईगल्स, दुसऱ्याचं रॅटलर्स. रस्सीखेच आणि बेसबॉलच्या स्पर्धा लावल्या, बक्षीस एकाच गटाला. काही दिवसांत झेंडे जळाले, खोल्यांवर धाडी पडल्या. मग दोघांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, जेवणाच्या टेबलावरून अन्नाची फेकाफेक झाली. ‘एकत्र आणलं की प्रेम वाढतं’ असं मानणाऱ्या शांतता समित्यांनी हे जरूर वाचावं.

बदल झाला तो अडचणींमुळं. शिबिराचं पाणी बंद पडलं, सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. जेवण आणणारा ट्रक ‘बंद’ पडला, तेव्हा पोरांनी त्याला दोरी बांधून ओढलं. दोरी तीच, रस्सीखेचीची. आता सगळे एका टोकाला. शेवटी रॅटलर्सनी बक्षिसाचे पाच डॉलर सगळ्यांना दुधाचं पेय पाजण्यात खर्च केले. या प्रयोगावर पुढं बरीच टीका झाली. अडचणी घडवणारे संशोधकच होते, आणि १९५३ चा त्याआधीचा एक प्रयोग पोरांनी संशोधकांचा डाव ओळखल्यामुळं गुंडाळावा लागला होता. ती टीका रास्त आहे. पण मी ऑगस्ट २०१९ बघितलाय, त्यामुळं शेरीफला पूर्ण टाकून देणं मला जमत नाही.

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, शाहूपुरीचा सखल भाग पाण्यात, हायवे शिरोलीजवळ बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. आमची पेठ उंचावर, म्हणून चपात्या आमच्याकडं. आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येक घरातून वीस-वीस चपात्या आणि मिरचीचा खर्डा कागदात बांधून जात होता. न्यायला येणारी पोरं कोण, तर दोन तालमींची, जी त्याच वर्षी स्टेडियमवर एकमेकांच्या आया-बहिणी काढत होती. एक पोरगा पोहत आला होता, केसातून पाणी गळत होतं, सासूबाईंनी त्याला टॉवेल दिला आणि विचारलं, ‘‘कुणाचा रे तू?’’ तो म्हणाला, ‘‘आज्जी, आज कुणाचाबी.’’

पुढच्या हंगामात ती पोरं पुन्हा एकमेकांना शिव्या देत होती, हे सांगितलं नाही तर चित्र खोटं होईल. दोरी सुटली की टोकं परत दोन होतात.

दार कुठल्या बाजूनं उघडतं

आतापर्यंतचे गट हलके होते. संघ, भिशी, गल्ली. यांतून उठून जाता येतं. पण काही गटांत आपण जन्मतो आणि त्यांचं दार आतून उघडत नाही. जातीबद्दल बोलल्याशिवाय ‘ओळख आणि आपलेपणा’ हा विषय आपल्याकडं अर्धाच राहतो. ताजफेलच्या पोरांना क्ले गट संध्याकाळी सोडता आला. पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसाला तसं करता येत नव्हतं. तिथं गटाची इज्जत ही मनातली तुलना नसते, पाणी, रस्ता आणि शाळा असते.

कोल्हापुरात दसरा चौकाभोवती फिरलं की बोर्डिंगांच्या पाट्या दिसतात: जैन, लिंगायत, मुस्लिम. पोरं दरवर्षी मला विचारतात, शाहू महाराजांना जातिभेद मोडायचा होता, मग जातीजातींची वसतिगृहं कशाला काढली? प्रश्न चांगला आहे. आधी १८९६ मध्ये सगळ्या जातींसाठी एक वसतिगृह निघालं होतं. ‘सगळ्यांसाठी’ असलेल्या त्या जागेत प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच भरणा राहिला. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पाठोपाठ इतर समाजांची. खेड्यातून घोंगडं घेऊन आलेल्या पोराला शहरात अशी एक खोली मिळाली, जिथं त्याच्या बोलण्याला कुणी हसत नव्हतं. तिथून तो शाळेत जायचा. म्हणजे ओळखीचा वापर कुंपणासारखा न करता शिडीसारखा केला. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तोही याच समजेतून. दार उघडं आहे म्हणणं वेगळं आणि आत शिरायला पायरी बांधणं वेगळं. शिडीचं पुन्हा कुंपण होऊ शकतं, तेही आपण बघतोच. समाजाच्या वसतिगृहात राहून शिकलेला माणूस पुढं समाजाच्या वधू-वर मेळाव्याबाहेर सोयरीक बघत नाही.

पण मला त्याहून मोठं वाटतं ते गंगाराम कांबळे यांच्या चहाचं. अस्पृश्य म्हणून पाण्याच्या हौदाला हात लावल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांच्या मदतीनं त्यांनी शहरात चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक कोण येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. राजानं पाजलेला चहा नको कोण म्हणणार! कायदा आणि भाषण यांच्या जोडीला ही तिसरी गोष्ट आहे, कप. कोण कुणाबरोबर खातं-पितं, यावरच तर ‘आपले’ ठरतात. आजही भाड्याचं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर, ‘‘मटण चालतं का तुमच्यात?’’ तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हा प्रश्न चवीसाठी विचारलेला नसतो.

सोनिया रोकास आणि ब्रूअर यांनी २००२ मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते मला फार उपयोगी वाटतं. ज्या माणसाचे सगळे गट एकमेकांवर बसतात, म्हणजे जात तीच, गल्ली तीच, पक्ष तोच, मित्र तेच, त्याला दुसऱ्यांबद्दल कमी सहन होतं. ज्याचे गट एकमेकांना छेदत जातात, त्याला जास्त होतं. कारण एका वर्तुळात जो ‘दुसरा’ तो दुसऱ्या वर्तुळात ‘आपला’ निघतो, आणि मग त्याला शिवी देताना जीभ अडखळते. माझ्या भिशीत चार जातींच्या, दोन धर्मांच्या बायका आहेत. भिशी काही समाजसुधारणेसाठी निघाली नव्हती, मिक्सर घ्यायला निघाली होती. पण एखादीच्या घरात दुखणं आलं की बाकीच्या डबा पोचवतात, आणि व्हॉट्सॲपवर कुणी कुणाच्या धर्माबद्दल काही वाकडं पाठवलं तर दहा मिनिटांत ते डिलीट होतं. का, कुणी बोलत नाही.

मुलीला आता पुण्यात नोकरी लागली आहे. रोज रात्री फोन येतो. तिच्या क्रियापदावरून मला कळतं, शेजारी कोण बसलंय. ‘‘जेवले गं’’ म्हणजे खोलीत मैत्रिणी आहेत. ‘‘जेवलो’’ म्हणजे एकटी आहे, आणि मग थोडं जास्त वेळ बोलते. परवा मात्र मागं गलका ऐकू येत होता, कुणाचा तरी वाढदिवस असावा, आणि ही सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, ‘‘येतो गं मी रविवारी, आजीला पांढरा रस्सा करायला सांग!’’ मागून एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिच्याच सुरात म्हणाली, ‘‘काकू, मी पण येतो!’’